दर रविवारी शिट्टी सर

चष्म्याच्या दुकानात आरसे, दिवे आणि मालक पुढे असत. निवांत मागे असे. मागच्या खोलीला खिडकी नव्हती. फिरत्या चाकावर पाण्याची बारीक धार सोडून तो काचा घासायचा, फ्रेमच्या खाचेत नेमकी बसेल अशी कड काढायचा आणि तयार चष्मा भिंतीतल्या झरोक्यातून पुढे सरकवायचा. गिऱ्हाईक चष्मा चढवून आरशात बघे आणि मालकाला म्हणे, झकास बसलाय. मालक मान डोलवून ते कौतुक खिशात घाली. निवांतला सगळं ऐकू यायचं. संध्याकाळी भुवयांवरचा पांढरा भुगा धुऊन तो घरी यायचा, कॉम्प्युटरचं बटण दाबायचा, आणि तेव्हा कुठे त्याचा दिवस उजाडायचा.

निवांत हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कॉलेजात असताना तो पहिल्यांदा इंटरनेट कॅफेत खेळायला बसला, तेव्हा खेळाने आधी नाव विचारलं. खरं नाव टाकलं तर वडिलांपर्यंत पोचेल अशी त्याला धास्ती. शेजारच्या खुर्चीतला म्हणाला, टाक रे काहीही, निवांत बस. त्याने तेच टाकलं. पुढे मित्रांनी ते उचललं, बायकोने लग्नाआधीच्या चॅटिंगमध्ये उचललं, आणि खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं.

वडिलांची धास्ती उगाच नव्हती. ते शाळेत कवायतीचे शिक्षक. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली शिट्टी, पायात खडू फासलेले पांढरे कॅनव्हासचे बूट. अख्खं गाव त्यांना शिट्टी सर म्हणायचं, आणि घरातही शिट्टी उतरत नसे. जेवायला बसायची शिट्टी वेगळी, उठायची वेगळी. घरी कॉम्प्युटर आला तो अभ्यासासाठी. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून किरकिरत यायचं, आणि कुणी फोन उचलला की तुटायचं. सर बाहेरच्या खोलीत बसून फोन उचलायचे. कुणालाही लावायचे नाहीत. ती खरखर थोडा वेळ ऐकायचे आणि ठेवून द्यायचे. आतून पोराचं ‘अरे देवा’ ऐकू आलं की समाधानाने वर्तमानपत्र उघडायचे.

निवांतचं लग्न झालं, केस मागे सरकले, चाळिशी दाराशी येऊन बसली, तरी खेळ सुटला नाही. बरोबरीचे लोक पोरांच्या शाळांबाहेर गाड्या लावून उभे असत. हा अजून बंदूक घेऊन गवतात पालथा. बरं, खेळात तरी फार तरबेज होता म्हणावं तर तेही नाही. ठीकठाक होता. चारजणांच्या टोळीत जो चौथा असतो, तो. तरी त्याने आपलं एक चॅनल काढलं. दर रविवारी दुपारी तो खेळताना लाइव्ह दिसायचा. बघणारे बोटांवर मोजण्याइतके, त्यातला एक तो स्वतःच, दुसऱ्या फोनवरून. बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. ती दारातून विचारायची, एवढं हसून कुणाशी बोलतोस? तो म्हणायचा, प्रेक्षकांशी. ती पुढे काही विचारत नसे. तेवढी दया तिच्यात होती.

आई गेल्यावर शिट्टी सर एकटे राहत. एकदा बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घालावी लागली. मोठी बहीण दुसऱ्या शहरात. तिने फोनवर स्पष्ट सांगितलं, आईचं सगळं मी केलं, आता तुझी पाळी. त्यामुळे सर एका बॅगेनिशी, काठीनिशी आणि गळ्यातल्या शिट्टीनिशी मुलाच्या दोन खोल्यांच्या घरात आले. आतल्या खोलीत नवराबायको, बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर. सरांची खाट कॉम्प्युटरच्या खुर्चीमागे लागली.

बापलेक एका खोलीत बसायचे आणि बोलायचे नाहीत. निवांतच्या कानावर हेडफोन, सरांच्या कानात ऐकायचं यंत्र, तेही अर्धा वेळ बंद. दुपारी सरांचं डोकं जरा भरकटायचं. झोपेतून उठले की आपण कुठे आहोत हे त्यांना चटकन कळत नसे. मग ते भिंतीकडे बघत बसायचे. सून कामावरून आली की चहा देताना दोन शब्द बोलायची. दिवसाचं बोलणं एवढंच.

एका रविवारी निवांत लाइव्ह होता. खेळ सुरू होण्याआधी सगळे खेळाडू एका मोकळ्या मैदानात जमतात आणि वेळ जाईपर्यंत उड्या मारतात, एकमेकांना बुक्के देतात, गोल गोल धावतात. सर मागे झोपले होते, कॅमेऱ्यात त्यांचं उघडं तोंड दिसत होतं. ते जागे झाले. समोरच्या पडद्यावर ही झुंबड दिसली. ते काठीवर जोर देऊन उठले, मुलाच्या खुर्चीमागे आले आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

हेडफोन असूनही निवांतचे कान बधिर झाले. त्याच्या टोळीतल्या तिघांच्या कानातही ती शिट्टी गेली.

“काय बाजार मांडलाय?” सर पडद्यावर ओरडले. “रांगेत उभे राहा!”

टोळीतल्या एकाने गमतीने आपला गडी थांबवला. दुसऱ्याने त्याच्या बाजूला आणून उभा केला. मग तिसरा. सरांनी तिघांवरून नजर फिरवली, शेवटच्याला जरा मागे सरक म्हणाले, तो सरकला. “विश्राम,” सर म्हणाले आणि खाटेवर जाऊन बसले. चेहऱ्यावर असं समाधान, जसं कित्येक महिन्यांत कुणी पाहिलं नव्हतं. निवांतही हसत होता. बायको आतून धावत आली आणि दाराला टेकून तीही हसली. त्या घरात तिघं एकदम हसल्याचा तो पहिला आणि शेवटचा प्रसंग.

कुणीतरी तेवढा तुकडा कापून पसरवला. बहिणीनेसुद्धा आपल्या मैत्रिणींना पाठवला, खाली लिहिलं, आमचे बाबा. पुढच्या रविवारी निवांतने चॅनल सुरू केलं तर बघणाऱ्यांचा आकडा त्याच्या डोळ्यांदेखत फुगत गेला. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याची वाट बघत होते. चॅटमध्ये एकच घोशा, आजोबा कुठायत?

आजोबा झोपले होते. उठले तेव्हा त्यांना पाणी हवं होतं. पाणी पिऊन भिंतीकडे बघत बसले. निवांतने दोनदा पडद्याकडे बोट दाखवलं, त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. आकडा उतरू लागला. हातातोंडाशी आलेलं काहीतरी निसटतंय असं त्याला वाटलं, आणि त्याने बापाला आवाज दिला.

“बाबा, शाळेतून फोन आला होता. आज कवायतीची तपासणी आहे म्हणे. तुम्हाला बोलावलंय.”

सर बघत राहिले. मग त्यांनी बॅग ओढली. मोडका खुबा सांभाळत, भिंतीला धरून त्यांनी शर्ट बदलला. दाढी केली, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं. कॅनव्हासचे बूट घातले. वाकता येईना तेव्हा काठीच्या टोकाने टाच आत ढकलली. हे सगळं लाइव्ह चाललं होतं. तयार होऊन ते कॉम्प्युटरसमोर ताठ उभे राहिले आणि त्यांनी टोळीची कवायत घेतली. लोक हसून हसून लोळत होते. मग निवांत म्हणाला, तपासणी रद्द झाली. सरांनी बूट काढले आणि खाटेखाली सरळ रेषेत ठेवले.

तेव्हापासून दर रविवारी शाळेतून फोन येऊ लागला.

एकाच गमतीने लोकांचं मन भरत नाही हे निवांतला लवकरच कळलं. मग तो सरांचं कानातलं यंत्र लपवू लागला आणि ते खाट चाचपडत असताना खेळाचं समालोचन करावं तसं बोलू लागला. काठी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून बघू लागला. आठवड्याच्या मधल्या दिवशी तो लोकांनाच विचारायचा, या रविवारी काय करू? चार पर्याय द्यायचा, लोक मत द्यायचे. मागच्या खोलीत काचा घासताना त्याच्या डोक्यात पर्याय घोळत असत. झरोक्यातून मालकाने पहिल्यांदाच डोकं आत घालून विचारलं, ते शिट्टीवाले म्हातारे तुझे वडील काय रे? आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. हेडफोन विकणाऱ्या कुठल्याशा कंपनीने एक नवा जोड फुकट पाठवला. निवांतची कॉलर ताठ झाली.

बायकोचं हसणं कधीच आटलं होतं. एकदा भाजी चिरताना तिने सुरी खाली ठेवली.

“वडील आहेत ते तुझे.”

“त्यांनाही मजा येते.”

“तू विचारलंस त्यांना?”

त्याने विचारलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं. तिने सुरी उचलली.

मग शाळेचे जुने विद्यार्थी येऊन थडकले. आता तेही टक्कल पडलेले, पोट सुटलेले बाप्ये होते, पण चॅटमध्ये आपली इयत्ता लिहायचे. एकाने लिहिलं, याच माणसाने माझा कान असा पिळला होता की रक्त आलं. दुसऱ्याने लिहिलं, मला भर उन्हात उभं केलं, मी चक्कर येऊन पडलो तर म्हणाला सोंग करतो. एकाचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा. निवांत मोठ्याने वाचून दाखवत होता. मागे सर डुलक्या घेत होते. वाचता वाचता त्याला स्वतःचंही आठवलं, आणि जे बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं ते त्याने हजारो अनोळखी लोकांना सांगितलं.

चौकात व्हिडिओ गेमचं दुकान होतं. आत अंधार, चार पेट्या, नाणं टाकलं की खेळ सुरू. निवांत तेव्हा सहावीत होता आणि त्या दिवशी कधी नव्हे तो शेवटच्या राक्षसापर्यंत पोचला होता. मागे पोरांचा घोळका, सगळे त्याचं नाव घेऊन ओरडत होते. तेवढ्यात कान पकडला गेला. सरांनी त्याला कानाला धरून रस्त्यावर आणलं, दुकानातल्या सगळ्या पोरांना बाहेर बोलावलं, आणि शिट्टीच्या तालावर त्याच्याकडून उठाबशा काढून घेतल्या. पोरं मोजत होती.

मग कुणीतरी लिहिलं, आता त्यांची पाळी. पाठोपाठ सगळे तेच लिहू लागले. पडदा भरून तीच ओळ वर सरकत होती.

निवांत म्हणाला, नको रे, हाडात सळई आहे. पण म्हणताना तो आकड्याकडे बघत होता. आकडा कधी नव्हता एवढा चढला होता. बायको लॅबमध्ये होती, त्या रविवारी तिची ड्युटी लागली होती. त्याने खुर्ची वळवली आणि बापाला हलवून जागं केलं.

“बाबा, साहेब तपासणीला आलेत. उठाबशा काढून दाखवा म्हणतात.”

“मुलं काढतील.”

“मुलांनी नाही. सरांनी.”

सरांनी पडद्याकडे पाहिलं. मग कॅमेऱ्याच्या बारक्या दिव्याकडे पाहिलं. मग मुलाकडे. त्यांनी काठी त्याच्या हातात दिली, गळ्यातली शिट्टी काढून तीही दिली, आणि दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले.

निवांतने शिट्टी फुंकली. सर जेमतेम वाकले आणि वर आले. त्याने पुन्हा फुंकली. या वेळी ते अधिक खाली गेले, वर येताना कपाळाची शीर तटतटली. हात पुढे करून खाटेचा आधार घेता आला असता. त्यांनी कान सोडले नाहीत. तिसऱ्या शिट्टीला ते खाली गेले आणि आत काहीतरी वाजलं. मायक्रोफोन चांगला होता. सगळ्यांनी ऐकलं.

सर कुशीवर पडले होते आणि हात अजून कानांवर होते. निवांतने आधी आकडा पाहिला. मग हेडफोन काढून खिळ्याला अडकवला. मग तो उठला.

त्या दिवसाचा व्हिडिओ बायकोने हॉस्पिटलच्या बाकावर बसून आपल्या फोनवर पाहिला. पाहून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, “तू आधी हेडफोन अडकवलास.” त्यानंतर ती बाहेरच्या खोलीतून मुख्य दारापर्यंत जायची, पण त्या खोलीत बसली कधी नाही.

सरांना वॉर्डात ठेवलं. सळईच्या खाली हाड पुन्हा मोडलं होतं. वॉर्डबॉय चादर बदलायला आला, सरांकडे निरखून पाहिलं आणि खूश झाला. तुम्ही ते शिट्टीवाले आजोबा ना, म्हणत त्याने त्यांच्या डोक्याशी डोकं लावून फोटो काढला. शिट्टी वाजवा ना एकदा, म्हणाला. शिट्टी निवांतच्या खिशात होती. त्याने ती दिली नाही, आणि वॉर्डबॉयला हटकलंही नाही.

वॉर्डबॉय गेल्यावर सर बोलले. दुपार असूनही आवाज एकदम साफ होता.

“किती लोक बघत होते?”

“खूप.”

“आपल्या शाळेतले?”

“होते. बरेच होते.”

“मी रडलो का?”

“नाही बाबा.”

“तू रडला होतास. भर चौकात. चड्डी ओली केलीस.” सर छताकडे बघत होते. “ते सांगितलंस का त्यांना?”

निवांतचा चेहरा उतरला. मग त्याने विचारलं, शाळेचे फोन खोटे आहेत हे तुम्हाला माहीत होतं का?

“पहिल्यांदा खरं वाटलं. पुढे नाही.”

“मग बूट का घालायचात?”

“मग काय करायचं होतं? दुसरं कोण बोलत होतं माझ्याशी?”

दुसऱ्या दिवशी बहीण आली. वॉर्डाच्या बाहेर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर तिने भावाला असं झोडपलं की नर्सला येऊन दटावावं लागलं. तो खाली मान घालून ऐकत होता. तिचं संपल्यावर म्हणाला, ताई, पहिला व्हिडिओ तूही पाठवला होतास सगळ्यांना. मग ती आत जाऊन वडिलांची बॅग भरू लागली. डॉक्टरांनी सोडलं त्या दिवशीच ती त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. गाडीत झोपवताना निवांतने पाय उचलायला हात लावला. सर म्हणाले, राहू दे, ड्रायव्हर आहे. ते पुन्हा कधी चालणार नव्हते.

तो काही रविवार चॅनल बंद ठेवून बसला. मग राहवेना. सुरू केलं. लोक आले, आजोबांना विचारलं, बहिणीकडे गेलेत म्हटल्यावर थोडे थांबले आणि पांगले. मागची खाट निघाली होती, भिंतीवर तिचा घासल्याचा पट्टा तेवढा दिसत होता. निवांत जीव तोडून खेळायचा, विनोद करायचा, स्वतःच शिट्टी वाजवून बघायचा. लोक म्हणाले, तुला जमत नाही. दुकानातल्या मालकाचं डोकंही झरोक्यातून पुन्हा आत आलं नाही.

एक दिवस काचा घासताना बहिणीचा फोन आला. सर त्याच्याशी बोलायला तयार नव्हते, हे तिने आधीही सांगितलं होतं. आज वेगळंच सांगायचं होतं. रविवारी दुपारी ते माझ्याकडून फोन मागून घेतात, ती म्हणाली, आणि तुझं चॅनल लावायला सांगतात. तासभर हलत नाहीत. इतर वेळी घास भरवताना तोंड फिरवतात, पण तू मेलास की इतके हसतात की मला पाठीवर हात फिरवावा लागतो. म्हणतात, अजून खेळता येत नाही गाढवाला.

निवांतने चाक बंद केलं. पाण्याची धार तशीच वाहत राहिली.

“हसतात?”

“पोट धरून. असं हसताना मी त्यांना जन्मात पाहिलं नाही.”

त्याने पाण्याची धार बंद केली. मग म्हणाला, ताई, या रविवारी ते हसत असताना जरा व्हिडिओ काढून पाठवशील?

ती त्याला वाट्टेल ते बोलली. लाज कशी वाटत नाही म्हणाली, तुझ्यात माणुसकी उरली आहे का म्हणाली, आणि फोन आपटला.

रविवारी तो खेळायला बसला. बघणाऱ्यांच्या यादीत बहिणीचं नाव होतं. तो पहिल्याच झटापटीत मेला, मुद्दाम नाही, खरंच मेला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा मेला. संध्याकाळी फोन वाजला आणि व्हिडिओ आला. बहिणीने सोबत एक शब्दही लिहिला नव्हता.

सर उशांना टेकून बसले होते. गालफडं आत गेलेली, पांघरुणाखाली पाय काटक्यांसारखे. समोरच्या फोनवर निवांत पडला, आणि सरांचं दात नसलेलं तोंड उघडलं. ते बोट दाखवून हसत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, मध्येच खोकला येत होता आणि खोकताखोकता पुन्हा हसत होते. निवांतने ते परत लावलं, आणि परत. बायको आतून बाहेर आली, पडद्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेली.

त्याने बाहीने डोळे पुसले. ते रडू खोटं नव्हतं. सुरुवातीला बहिणीचा हात मध्ये येत होता, तेवढा भाग त्याने कापला, वर ठळक अक्षरांत लिहिलं, आजोबा परत आले, आणि चॅनलवर टाकून दिला.